दोन गस्तींच्या मधली वेळ

ग्वाल्हेरचा किल्ला पायथ्याशी उभं राहून पाहिला की हा लढून घेता येईल असं वाटतच नाही. सपाट मैदानातून सुमारे तीन किलोमीटर लांबीचा वालुकाश्माचा डोंगर एकाएकी उठतो. कडे मुळातच उभे, त्यात कुठे जरा कलते होते तिथे माणसांनी तासून आणखी सरळ केलेले, आणि वर तटबंदी. 1780 साली हा किल्ला महादजी शिंद्यांच्या ताब्यात होता आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध चालू होतं. त्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री कंपनी सरकारच्या विल्यम पॉपहॅमच्या तुकडीने तो घेतला. त्यासाठी तोफा लावून तट पाडावा लागला नाही, की वेढा घालून महिनोन्‌महिने बसावं लागलं नाही.

हे कसं घडलं ते मोहिमेवर असलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवलं आहे. गोहदचा राणा इंग्रजांचा दोस्त. त्याच्या पदरी काही दरोडेखोर होते आणि ते पूर्वी एकदा मध्यरात्री किल्ल्याचा तट चढून गेले होते. म्हणजे अभेद्य किल्ल्यात शिरायची वाट होती, चोरांना ती माहीत होती, राण्याला माहीत होती. माहीत नव्हती ती आत राहणाऱ्यांना. पॉपहॅमने ऐकीव गोष्टीवर विसंबून शिपाई पाठवले नाहीत. त्याने चोरांबरोबर आधी आपले हेर धाडले. ते रात्री वर चढून सगळं पाहून आले आणि त्यांनी सांगितलं की गस्त होऊन गेली की पहारेकरी बहुधा झोपतात. मग गुपचूप शिड्या तयार झाल्या. पाय घसरू नये आणि आवाज होऊ नये म्हणून शिपायांसाठी लोकरी कापडाचे, आत कापूस भरलेले जोडे शिवले गेले. तुकडी कड्याखाली पोचली तेव्हा तटावरून मशाली सरकत होत्या आणि पहारेकऱ्यांच्या खोकण्याचे आवाज येत होते. सगळं ठीक आहे, हे एकमेकांना कळवायची ती त्यांची रीत होती. खाली अंधारात बसलेल्यांना त्यातून नेमकं हवं ते कळलं: गस्त आता गेली, पुढची यायला अवकाश आहे. सोळा फुटांचा कडा, मग चाळीसेक यार्डांची उभी चढण, मग तीस फुटांची भिंत. वर पोचलेल्यांशी झालेल्या चकमकीत किल्लेदार पडला. हल्लेखोरांपैकी काही जखमी झाले, पण मेला कोणी नाही.

एथिकल हॅकिंग, म्हणजे मालकाच्या परवानगीने त्याची संगणकव्यवस्था भेदून पाहणं, शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात हा प्रसंग पहिल्या दिवशी सांगावा असं मला मनापासून वाटतं. कारण भिंत उंच करत नेली की माणूस सुरक्षित होतो, हा आपला भ्रम तो मुळापासून उपटतो. किल्ला बांधणाऱ्याने कड्याची उंची मोजली होती. चढणाऱ्यांनी दोन गस्तींच्या मधली वेळ मोजली. आणि ही दुसरी मोजणी शिकवता येते, तिचा अभ्यासक्रम होऊ शकतो, ती करून प्रामाणिकपणे पोट भरता येतं, ही गोष्ट मला आपल्या काळातल्या मोठ्या नवलांपैकी एक वाटते.

ग्वाल्हेरमध्ये या शिक्षणाला जमीन आहे. शिंद्यांच्या लष्कराच्या तळावर वसलेलं लष्कर हे शहर, त्यातली पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी घरं, जिवाजीराव शिंद्यांच्या पुढाकाराने 1957 साली सुरू झालेलं माधव इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्स, आणि केंद्र सरकारने 1997 साली इथे काढलेली माहिती-तंत्रज्ञान आणि व्यवस्थापनाची संस्था, जिला पुढे ग्वाल्हेरच्याच अटलबिहारी वाजपेयींचं नाव मिळालं. त्याच 1997 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत गॉर्डन लायन नावाच्या माणसाने ‘एनमॅप’ हा छोटासा प्रोग्रॅम लोकांसमोर ठेवला. आजही जगभरच्या सुरक्षा-वर्गांत विद्यार्थ्याच्या हातात पडणाऱ्या पहिल्या काही साधनांत तो असतो.

एनमॅप काय करतो? नेटवर्कवरच्या प्रत्येक संगणकाला टीसीपी या संदेशांच्या पद्धतीचे 65,536 पोर्ट, म्हणजे जणू दारं, असतात, 0 पासून 65,535 पर्यंत क्रमांक दिलेले. वेबसाइट साधारणपणे 80 किंवा 443 वर ऐकत बसलेली असते, ईमेल 25 वर, दूरवरून संगणक चालवण्याची सोय 22 वर. एनमॅप एकेका पोर्टवर एक इवलासा संदेश टाकतो आणि काय परत येतं ते ऐकतो. काही पोर्ट होकार देतात, काही नकार देतात, काही गप्प बसतात; आणि गप्प बसणं हेही उत्तरच असतं, कारण त्याचा अर्थ बहुधा मधे कोणी पहारेकरी बसवलेला आहे. उत्तराच्या पाकिटात ‘किती टप्प्यांनंतर मला फेकून द्या’ असा एक आकडा असतो. लिनक्स साधारणपणे तो 64 पासून सुरू करतो, विंडोज 128 पासून. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. म्हणजे 117 आकडा घेऊन उत्तर आलं, तर समोर बहुधा विंडोज आहे आणि ती अकरा टप्पे दूर आहे. त्या संगणकाला कोणी नाव विचारलं नव्हतं. तो नुसता खोकला, आणि ऐकणाऱ्याला कळलं.

चांगल्या वर्गांत सुरुवातीचा बराच काळ या ऐकण्यातच जातो. अधीर मुलांना ते रटाळ वाटतं, त्यांना थेट पासवर्ड फोडायचा असतो. पण पॉपहॅमने हेर आधी पाठवले आणि शिड्या नंतर केल्या, हा क्रम शिकल्याशिवाय पुढचं सगळं आंधळी धडपड ठरतं.

आता त्या किल्ल्यावरच्याच दुसऱ्या एका गोष्टीकडे वळतो. वर जाताना वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं, एका खडकात कोरून काढलेलं, अगदी लहान. तिथे 876 सालचा शिलालेख आहे. देवाला दिलेल्या बागेची लांबी 270 हात आणि रोज द्यायच्या फुलांच्या माळा 50, असे आकडे त्यात कोरले आहेत, आणि दोन्हींच्या शेवटी शून्य आहे: आज आपण काढतो तसंच, फक्त जरा छोटं वाटोळं. भारतात दगडावर कोरलेल्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी ते एक. तिथे उभं राहिलेल्या संगणकाच्या विद्यार्थ्याला रोमांच आले नाहीत तर नवल, कारण हॅकिंगच्या इतिहासातला एक फार मोठा भाग शून्य कुठे येईल हे मोजायला विसरल्याची गोष्ट आहे.

सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये एखादा शब्द साठवला की त्याच्या मागे एक शून्य ठेवतात. शब्द इथे संपला, ही त्याची खूण. ग्वाल्हेर हे नाव रोमन लिपीत लिहिलं तर सात अक्षरं, म्हणजे सात बाइट, आणि आठवं शून्य. तेच देवनागरीत लिहा. ग, हलन्ताची खूण, व, काना, ल, पुन्हा हलन्ताची खूण, ह, मात्रा, र, असे नऊ संकेत होतात. यूटीएफ-8 या सध्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो. सत्तावीस बाइट, आणि अठ्ठाविसावं शून्य. समजा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने गावाच्या नावासाठी वीस बाइटांची जागा राखली आणि येणारं नाव किती मोठं आहे हे तपासायला तो विसरला. रोमन नाव आरामात मावेल. मराठी माणसाने आपल्या लिपीत गावाचं नाव टाकलं की विसाव्या बाइटानंतरची सगळी अक्षरं शेजारच्या जागेत सांडतील. यात वाईट हेतू कोणाचाच नाही.

पण शेजारी काय असतं? अनेकदा तिथून जवळच एक पत्ता लिहून ठेवलेला असतो: हे काम संपलं की प्रोग्रॅममध्ये परत कुठे जायचं. सांडलेली अक्षरं त्या पत्त्यावर जाऊन बसली की प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी जाऊ पाहतो आणि कोसळतो. इथपर्यंत तो नुसता अपघात. मात्र कोणी हिशेब करून, नेमक्या त्या जागी स्वतःला हवा तो पत्ता पडेल अशा लांबीचा मजकूर पाठवला, तर संगणक मुकाट्याने त्या पत्त्यावर जातो आणि तिथे लिहिलेलं पार पाडतो. 2 नोव्हेंबर 1988 ला रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, बाल्यावस्थेतल्या इंटरनेटभर पसरला. त्याची एक वाट अशीच होती. 512 बाइटांची जागा ठेवलेल्या एका सेवेला त्याने 536 बाइट पाठवले. फक्त चोवीस बाइट जास्त.

प्रयोगशाळेत हे शिकवायची जुनी रीत फार सुंदर आहे. विद्यार्थी मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या प्रोग्रॅमला रोमन कॅपिटल ‘ए’ हे अक्षर शेकडो वेळा टाइप करून पाठवतो. प्रोग्रॅम कोसळतो. मग डीबगर, म्हणजे प्रोग्रॅमच्या पोटात पाहायचं साधन, उघडून तो परतीचा पत्ता पाहतो, तर तिथे 41414141 लिहिलेलं असतं. ‘ए’ या अक्षराचा संगणकातला संकेत, सोळाच्या पायावर, 41. म्हणजे आपण कळफलकावर दाबलेलं अक्षर प्रोग्रॅमचा पत्ता होऊन बसलं आहे. मजकूर आणि आज्ञा यांच्यामधली भिंत आपण गृहीत धरली होती, आणि यंत्राच्या पोटात तशी भिंत नसते. दोन्हीही नुसते आकडे. ते 41414141 डोळ्यांनी पाहिलेला माणूस पुन्हा कधी निष्काळजीपणे प्रोग्रॅम लिहीत नाही. आजच्या संगणकांत याविरुद्ध पुष्कळ उपाय आहेत. परतीच्या पत्त्याआधी एक गुप्त आकडा ठेवून तो बदलला का हे तपासतात, पत्ते दर वेळी हलवून ठेवतात. तरीही हा धडा कोणी अभ्यासक्रमातून काढत नाही, आणि काढू नये.

दुसरा धडा वसईच्या डि’सूझांचा. आडनावातलं ते वरचं चिन्ह पाहा. वेबसाइटच्या अर्जात भरलेलं नाव आत माहितीसाठ्याला विचारलेल्या प्रश्नात जाऊन बसतं: अमुक नावाचा माणूस शोध. हे नाव कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते दाखवायला प्रोग्रॅम तेच चिन्ह वापरतो. कच्च्या साइटवर डि’सूझांनी नाव भरलं तर साठ्याला वाटतं की नाव ‘डि’ पाशीच संपलं आणि ‘सूझा’ ही पुढची आज्ञा आहे. ती त्याला कळत नाही, पडद्यावर चूक येते, आणि डि’सूझा बिचारे चिन्ह गाळून पुन्हा अर्ज भरतात. प्रशिक्षित डोळा त्या चुकीपाशी थबकतो. ‘सूझा’ च्या जागी साठ्याला खरोखर कळेल अशी आज्ञा लिहिली तर? सगळ्यांची नावं दाखव, पासवर्ड न पाहता आत घे? जगातल्या कितीतरी मोठ्या चोऱ्या या एका चिन्हाच्या फटीतून झाल्या आहेत. सामान्य माणसाला जो त्रास वाटतो तो या विद्येत पुरावा असतो.

मोठ्या चोरीचं एक जवळचं उदाहरण घ्या. पुण्याची कॉसमॉस बँक 1906 सालची, मध्यमवर्गीय मराठी घरांच्या ठेवींवर वाढलेली. 11 ऑगस्ट 2018 ला काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून तिच्या बनावट कार्डांवर सुमारे 78 कोटी रुपये काढले गेले, आणखी अडीच कोटी भारतात. दोन दिवसांनी स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतून 13.92 कोटी हाँगकाँगला पाठवले गेले. एकूण 94.42 कोटी. बँकेची मुख्य हिशेबव्यवस्था चोरांनी फोडलीच नाही, त्यांना तशी गरज नव्हती. एटीएम आणि बँक यांच्यामध्ये एक दुवा असतो, स्विच नावाचा. खात्यात पैसे आहेत का, देऊ का, हे विचारणं त्याच्यातून जातं. चोरांनी आपलाच एक स्विच उभा केला आणि विचारणा बँकेपर्यंत पोचूच दिल्या नाहीत. त्यांचा स्विच प्रत्येकाला हो म्हणत गेला. आणि वार पाहा: तो महिन्यातला दुसरा शनिवार होता. देशभरच्या बँका बंद. गस्त होऊन गेलेली.

अशा व्यवस्थेत आधीच कोणी आपला माणूस चढवून पाहायला नको का? कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये रायगडाची एक परंपरागत कथा नोंदलेली आहे. गड बांधून झाल्यावर शिवाजी महाराजांनी लोकांना जमवून पैज लावली: दरवाजाने न येता, दोर किंवा शिडी न वापरता जो गडावर येईल त्याला सोन्याच्या नाण्यांची थैली आणि सोन्याचं कडं. एक महार पुढे झाला, कडा चढून वर गेला, त्याने निशाण रोवलं आणि येऊन मुजरा केला. महाराजांनी त्याला ठरलेलं इनाम दिलं आणि तो ज्या वाटेने चढला ती वाट बंद करवली. कथा परंपरेने आलेली आहे आणि मी ती तशीच वाचतो. पण या व्यवसायाचं सगळं शील तिच्यात आहे. आधी मालकाने जाहीरपणे परवानगी दिली. काय चालेल, काय चालणार नाही हे आधी ठरलं. वर पोचल्याचा पुरावा म्हणून निशाण लागलं. हॅकिंगच्या स्पर्धांमध्ये आजही विद्यार्थ्यांना कच्च्या संगणकात लपवलेलं ‘फ्लॅग’ शोधून आणावं लागतं. चुका शोधणाऱ्याला कंपन्या हल्ली बक्षीस देतात, तसं इनाम मिळालं. आणि शेवटी वाट बुजवली. त्या माणसाचं नाव कथेत उरलं नाही याचं मला वाईट वाटतं. या विद्येचा आद्य पुरुष म्हणून ते प्रत्येक वर्गात लावायला हवं होतं.

परवानगीचा मुद्दा मुलांना कितीही वेळा सांगितला तरी कमीच. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000, त्याचं कलम 43: मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकात शिरलं तर त्याला नुकसानभरपाई द्यावी लागते. तेच लबाडीने केलं तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चोर आणि तपासनीस यांची साधनं तीच, आज्ञा त्याच, रात्री जागणंही तेच. फरक करणारा एक सहीचा कागद कामाच्या आधी तयार व्हावा लागतो. कोणते सर्व्हर तपासायचे, कोणत्या वेळेत, कशाला हात लावायचा नाही, काही बिघडलं तर रात्री कोणाला फोन करायचा, सगळं त्यात लिहिलेलं असतं. मी तर तुमची चूकच दाखवत होतो, असं नंतर म्हणून भागत नाही. मोकळेपणाने सराव करायचा तर त्यासाठी मुद्दाम कच्च्या बांधलेल्या साइट फुकट मिळतात. त्या आपल्याच संगणकात उतरवून, बाहेरच्या जगाशी संबंध तोडून हव्या तितक्या फोडाव्यात. खऱ्या सरकारी व्यवस्थेत योगायोगाने काही दिसलं, तर ते कळवायला 2004 पासून सर्ट-इन ही केंद्राची संस्था आहे. आणि या विषयाचं वेड असलेल्यांना एकमेकांना भेटायला गोव्यात 2010 साली सुरू झालेली ‘नलकॉन’ परिषद आहे.

परवानगीने व्यवस्था फोडून पाहायचा हा धंदा अमेरिकेत आधी लष्करात रुजला. 1974 साली तिथल्या हवाई दलासाठी पॉल कार्गर आणि रॉजर शेल यांनी ‘मल्टिक्स’ या, सुरक्षेचा विचार करूनच बांधलेल्या व्यवस्थेची परीक्षा घेतली आणि ती भेदता येते हे दाखवून दिलं. पुढे 1990 च्या दशकात ‘आपलीच साइट फोडून ती सुधारा’ हा विचार उघडपणे मांडला जाऊ लागला, आणि 2003 पासून तर त्याची प्रमाणपत्रं मिळू लागली. प्रमाणपत्रांबद्दल माझं मत सांगतो: बहुपर्यायी प्रश्नांवर मिळणाऱ्या प्रमाणपत्राने नोकरीचं दार उघडतं, कसब कळत नाही. कसब कळतं ते ओएससीपीसारख्या परीक्षेत. 23 तास 45 मिनिटं, अनोळखी संगणक समोर, आणि त्यांत शिरून दाखवायचं. ते संपल्यावर आणखी 24 तास मिळतात, ते अहवाल लिहायला.

म्हणजे फोडायला एक दिवस आणि लिहायला एक दिवस. मला या वाटणीचं फार कौतुक वाटतं. अहवालात प्रत्येक चुकीला क्रमांक असतो. ती कुठे सापडली, कोणत्या पायऱ्यांनी गेलं की ती पुन्हा दिसते, तिच्यातून किती नुकसान होऊ शकतं, ती दुरुस्त कशी करायची, हे असं लिहावं लागतं की वाचून बँकेतला साधा प्रोग्रॅमरही ते स्वतः करून पाहू शकेल. आणि त्याला अपमान वाटता कामा नये. त्याने रात्रंदिवस खपून बांधलेली ती व्यवस्था आहे. तटावर झोपलेल्या पहारेकऱ्याला शिव्या देऊन किल्ला राखला जात नाही. गस्तीच्या वेळा बदलाव्या लागतात. अहवालात माणसाचं नाव येत नाही, चुकीचं येतं. हे भान शिकवणारे शिक्षक मला सगळ्यांत मोलाचे वाटतात.

दुरुस्ती झाली असं कळवल्यावर पुन्हा तपासणी होते. त्याच तपासनिसाला त्याच पायऱ्यांनी पुन्हा चढायला सांगतात. अर्जातल्या त्या चिन्हाची फट वेबसाइटवर बुजवलेली असते, आणि त्याच बँकेच्या मोबाइल ॲपमध्ये ती तशीच राहून गेलेली असते. मग तिला नवा क्रमांक मिळतो आणि ती पहिल्यापासून सगळी पुन्हा लिहावी लागते.